चु. भू. द्या. घ्या.

रविवारी दुपारी जेवणं उरकली, पंखा तीनवर केला, आणि पाकिटात चाळीस रुपये कमी निघाले.

चाळीस रुपयांचं काय एवढं, असं घरात दोनदा विचारून झालं. प्रश्न चाळीस रुपयांचा नाही. संगणकाच्या पडद्यावर 'रोख' या शब्दासमोर ३१५ होते आणि पाकिटात २७५. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. पाकिटावर आळ घेता येत नाही, ते बिचारं आहे तेवढं दाखवतं. पडद्याला मी सांगितलं तेवढंच ठाऊक. म्हणजे फिरून माझ्यावरच.

माझा हिशेब काळ्या पडद्यावर असतो. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, माउस नाही. पांढरी अक्षरं, उजवीकडे आकडे, एक उजळ पट्टी. खालच्या बाणाने पट्टी खाली सरकते, उजव्या बाणाने खात्याच्या आत शिरते, डाव्याने बाहेर येते. मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या की ती सांगते, बाबा हॅकिंग करतायत. बाबा दुधाचे पैसे मांडत असतात.

एचलेजर म्हणतात या हिशेबाच्या प्रोग्रामला. जॉन वीगली नावाच्या माणसाने २००३ साली 'लेजर' लिहिलं. त्याच वाटेने २००७ पासून सायमन मायकल यांनी हे दुसरं उभं केलं, आणि बाणांवर चालणारा हा पडदा त्याचाच भाग. पण खरी वही पडद्यात नसतेच. ती एक साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडेल अशी. पडदा फक्त ती वाचून दाखवतो, देवळातल्या पुराणिकबुवांसारखा.

आता कुणी म्हणेल, फोनवर ॲप घ्या की. घेतलं होतं. दोन घेतली होती. एकाने वडापावाला 'मनोरंजन' म्हटलं. (एका अर्थी बरोबरच आहे.) दुसरं एका सकाळी उघडेना, आणि त्याच्याबरोबर माझे चौदा महिने गेले. तेव्हापासून ज्या वहीला स्वतःची मतं आहेत ती वही नको, असं ठरवलं.

शिवाय बोटांना जी लय सापडते ती बटणं चाचपडत सापडत नाही. दादरच्या तिकीट खिडकीवरचे जुने क्लार्क बघा. तुमचं 'एक रिटर्न...' तोंडातून पुरतं बाहेर पडेपर्यंत इकडे तिकीट फाटलेलं असतं. मस्जिद बंदरच्या एखाद्या ऑफिसात टॅलीवर बसलेला माणूस बघा. एफ फाइव्ह म्हणजे पेमेंट, एफ सिक्स रिसीट, एफ सेव्हन जर्नल. मान फोनला टेकवून कुणाशी तरी भांडत असतो आणि बोटं आपली व्हाउचरं मारत असतात. माउस बाजूला पालथा पडलेला, त्यावर धूळ. मी काही त्या जातीचा नाही, पण आकडा दाबून खाती उघडणं-मिटणं मला आता पडद्याकडे न बघता येतं, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान आहे.

खात्यांची नावं मी मराठीत ठेवलीत. त्याचा त्रास होतो. इंग्रजी अक्षरं कशी शाळेतल्या रांगेसारखी एकेका घरात उभी राहतात. आपल्या काना-मात्रा-वेलांट्यांची रुंदी किती धरायची हे त्या काळ्या पडद्याला नीट उमगत नाही. त्यामुळे 'किराणा'समोरचा आकडा एक घर सरकतो, 'पेट्रोल'समोरचा तर उडीच मारतो, आणि सगळा स्तंभ लोकलच्या दारातल्या गर्दीसारखा आत-बाहेर होतो. मध्यंतरी चिडून सगळं इंग्रजी अक्षरांत केलं. आठ दिवस. भाजी 'बी'ने सुरू होणारी वाचताना ती मी खाल्लेलीच वाटेना. परत मराठी केलं. वाकडा स्तंभ चालेल.

दुसरी एक खोड म्हणजे खात्याचं नाव आणि आकडा यांच्यामध्ये निदान दोन जागा सोडाव्या लागतात. एकच सोडली तर आकडा नावाचा भाग होतो. तक्रार नाही, आरडाओरडा नाही. समोरच्या खात्यातून आलेली रक्कम मुकाट त्या नव्या नावावर पडते, बेरीज जुळते. महिन्याभराने खर्चाच्या यादीत मला 'भाजी ६०' नावाचं स्वतंत्र खातं सापडलं. भाजीच्या शेजारी, भाजीच्या चुलत बहिणीसारखं बसलेलं.

चाळीस रुपये शोधत मी मागे मागे जात होतो. यूपीआयचं सोपं असतं. दहा रुपयांच्या कटिंगलाही आता पुरावा आहे, बँकेची यादी घेतली की सगळे गुन्हे कबूल. हरवायला जागा उरली आहे ती फक्त रोखीत. शनिवार: केळी ५०. रिक्षा २६. सुट्टे-नाहीत ४.

हे शेवटचं खातं माझं स्वतःचं. मीटर पडतं सव्वीसचं, आपण तीस देतो, रिक्षावाला शर्टाच्या खिशाला हात लावून 'सुट्टे नाही, साहेब' म्हणतो आणि समोर बघायला लागतो. ते चार रुपये रिक्षाला का लावायचे? रिक्षा सव्वीसचीच होती. तेव्हा चार वेगळे. गेल्या वर्षी 'सुट्टे-नाहीत' खात्यात २१२ रुपये झाले. ही म्हणाली, एवढ्यात दोन वेळा मिसळ झाली असती. मिसळीलासुद्धा सुट्टे लागले असते, म्हटलं.

ही खोड वडिलांची. ते मूळजी जेठा मार्केटात एका कापडाच्या पेढीवर कीर्द लिहायला होते. शेटची माणसं त्यांना मेहताजी म्हणायची. दिवसभर दुसऱ्याचे हजार मांडून आले की लालबागच्या खोलीत, रात्री जेवणानंतर, डायरीत स्वतःचे सव्वादोन मांडायला बसायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आईला वाक्यं पाठ असायची: दूध इतकं, गव्हाचं दळण इतकं, मुलाला पेन्सिल. ती कणीक भिजवत किंवा ताटं विसळत सांगायची, ते लिहायचे. मग ट्रंकेतली पत्र्याची डबी उघडून नाणी मोजायची. आकडा आणि डबी जुळली की 'बसला मेळ' म्हणायचे आणि दिवा जायचा. हे झाल्याशिवाय दिवा जात नसे.

एका रात्री सतरा पैसे जास्त निघाले.

कमी नव्हे, जास्त. कमी पडले तर ते एकदाच सुस्कारा टाकायचे. जास्त म्हणजे कुणाचे तरी आपल्याकडे आले. आईची उलटतपासणी झाली. माझी झाली. मग मला बनियनवरच खाली वाण्याकडे पाठवलं, त्याने सुटे जास्त दिलेत का विचारायला. दुकानाची अर्धी फळी लागली होती. वाणी आत गल्ल्यापाशी बसून स्वतःचा मेळ बसवत होता. त्याने वर न बघता हाताने 'जा' केलं. दहा-अकराला केव्हातरी मी झोपलो, दिवा चालूच होता. सकाळी वडील गालाला साबण लावलेल्या अवस्थेत डायरी उघडून उभे. त्या दिवशीची तारीख होती १७. पानाच्या कडेला लिहिलेली तारीख त्यांनी खर्चाच्या पैशांत मिळवली होती.

आई हसली. ते हसले नाहीत. अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांनी आधी ती बेरीज खोडली.

दर महिनाअखेरीला पानाच्या तळाशी ते लिहीत: चु. भू. द्या. घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी. दुकानाच्या बिलावर ठीक आहे, पण आमच्या डायरीत कोण कुणाला देणार-घेणार होतं? ती वाचणारे तेच.

माझ्या वहीतही त्या नावाचं खातं आहे. खर्च:चुभू. जे काही केल्या सापडत नाही ते तिथे.

हिला पहिल्यांदा पडदा दाखवला तेव्हा तिची नजर थेट पगारावर गेली. पगारासमोर उणे चिन्ह होतं. 'उणे? इतकी वेळ आलीय?' मग समजावून सांगितलं की पैसे जिथून निघाले तिथे उणे, जिथे पोचले तिथे अधिक. पगाराच्या खात्यातून निघाले, बँकेत पोचले. तिला पटलं नाही. मलाही आधी पटलं नव्हतं. मग वडिलांची डायरी आठवली. ज्याच्याकडून पैसे आले त्याच्या नावाने जमा, ज्याला गेले त्याच्या नावे. उणे म्हणजे आपलं जमाच की. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या साधूने ही दुहेरी नोंद छापून पुस्तकात आणली, त्यांनी नावे डावीकडे टाकली आणि आमच्या पेढ्यांनी उजवीकडे ठेवली. बाकी फरक मला दिसत नाही.

या पडद्यात एक दाबलं की पाचच ओळी राहतात: मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न, खर्च. दोन दाबलं की त्यांची पिल्लं. तीनला किराणा, लोकल, दवाखाना असं सगळं उलगडतं. त्या दुपारी तीन दाबताना बोट घसरून शून्यावर पडलं. सहा वर्षं एका ओळीत गुंडाळली गेली आणि समोर आकडा आला: शून्य.

दुहेरी नोंदीत शून्यच यायला हवा. दुसरं काही आलं तर घोटाळा. हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी बराच वेळ बघत बसलो. मुलीची फी, गीझर, आईचं ऑपरेशन, एकशेबहात्तर वेळा वडापाव, आणि शून्य. मग तीन दाबलं, सगळी परत आपापल्या जागी आली. बरं वाटलं.

चाळीस सापडले नाहीत. फाइल उघडली, खर्च:चुभू, दोन जागा सोडल्या, ४०. बाहेर येऊन जी दाबलं, पडद्याने वही पुन्हा वाचली. रोख २७५. बसला मेळ.

जाता जाता झेड दाबायची मला सवय आहे. त्याने शून्य शिल्लक असलेली खाती दिसेनाशी होतात. फिटलेलं गीझरचं कर्ज जातं, मेहुण्याचे उसने जातात, सोसायटीची अनामत जाते. यादी आखूड होते. 'येणे'च्या खाली एकच खातं उरतं: चौदा-नंबर, ८०.

चौदा नंबर म्हणजे चाळीतली खोली. गिरणीतले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर, त्यांत चौदा नंबरवाले. वडिलांच्या त्या वर्षीच्या डायरीत पेन्सिल, दळण, दूध यांच्यामध्ये ते अधूनमधून येतात. १४ नंबर, उसने ५. १४ नंबर, उसने २०. मग २५. ऑगस्टात डावीकडे एकदा: १४ नंबरकडून जमा ५. पुन्हा उजवीकडे १५. आणि दिवाळीनंतर: १४ नंबर, एसटी भाडे २०. त्यानंतर त्या डायरीत चौदा नंबर नाहीत. खोलीला कुलूप होतं एवढं मला आठवतं, आणि कुलपाला किल्ली अडकवायच्या जागी मुलांनी चिंचोका घातला होता. कदाचित मीच.

१९८३ च्या डायरीच्या पहिल्या पानावर, मागील येणे: १४ नंबर, ८०. १९८४ च्या पहिल्या पानावर, तेच. १९८५. चाळ सुटली, बोरिवलीला आलो, पेढी बंद झाली, चष्म्याचे नंबर वाढले. दर जानेवारीत नव्या डायरीच्या पहिल्या पानावर ती ओळ. मध्ये मी एकदा म्हटलं होतं, टाका की आता बुडीत खात्यात. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. 'तो आला तर विचारेल ना, माझ्याकडे किती. सांगता नको यायला?'

शेवटची डायरी २०११ ची. मार्चपर्यंत लिहिलेली आहे.

पुढे मी एचलेजरची फाइल सुरू केली तेव्हा सुरुवातीच्या शिल्लकी भरायच्या होत्या. बँक, रोख, पीएफ. आणि मालमत्ता:येणे:चौदा-नंबर, ८०. समोर भांडवल:मागील-बाकी, उणे ८०. ते ऐंशी त्या शून्यातही धरलेले असतात.

पट्टी त्या ओळीवर नेली, उजवा बाण दाबला. आत एकच नोंद. डावा बाण. आतून हिने विचारलं, लागला का हिशेब?

लागला म्हटलं, आणि क्यू दाबला.