सॅन फ्रुत्तुओसो : रस्ता नसलेला किनारा आणि हजारेक वर्षांचा मठ

दादा मिलानला असतो, त्यामुळे यंदा मी आणि आई सांगलीहून महिनाभर तिकडे होतो, आणि एवढ्या फिरण्यात मनात घर करून राहिली ती ही एक जागा. आपल्याकडचे लोक मुलांकडे गेले की रोम, पिसा, व्हेनिस करून येतात, चांगलंच आहे ते, पण इटलीतल्या जिनोव्हाच्या बाजूला जाणार असाल तर सॅन फ्रुत्तुओसोसाठी दोन दिवस काढाच. दोन का, ते सांगते.

पोर्तोफिनोचा डोंगर समुद्रात घुसलाय, त्याच्या एका कुशीत पाणी थोडंसं आत शिरलंय, मागे झाडीने भरलेले उभे चढ आणि पाण्याला अगदी खेटून बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा जुना मठ. गाडीरस्ता नाही. बोटीनं जायचं नाहीतर पायी.

आम्ही जिनोव्हाहून लोकल ट्रेननं कामोल्यी या किनाऱ्यावरच्या गावी गेलो, पाऊण तासाच्या आत पोचतो. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढायच्या आधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. धक्क्यावर गेलो तर ऊन लख्ख, आकाश निळंशार, आणि पाटी की आज बोटी बंद, कारण समुद्र खवळलेला! आई हिरमुसली. म्हणून सांगते, ऊन बघून निघू नका, लाटांचा अंदाज बघा आणि एक दिवस हातात जादा ठेवा. आम्ही तिथंच मुक्काम केला. कामोल्यीची उंच रंगीत घरं बघण्यासारखी आहेत, काही खिडक्या तर भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या आहेत, जवळ जाईपर्यंत कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची बोट मिळाली. अर्ध्या तासाचा प्रवास, बोट कड्याच्या कडेकडेनं जाते, काहीच दिसत नाही आणि मग वळण घेतलं की एकदम समोर मठ, खाली दगडी कमानी, कमानींसमोर ओढून ठेवलेल्या होड्या. आई म्हणाली, "अगं, हे तर आपल्या घाटासारखं पाण्यातच बांधलंय की."

मठाचं तिकीट वेगळं काढावं लागतं, ते काढा, नुसतं बीचवर बसून परत येऊ नका. स्पेनमधल्या तारागोनाचे बिशप फ्रुत्तुओसो सन 259 मध्ये शहीद झाले, त्यांच्या अस्थी इथे आणल्या अशी परंपरा आहे, नाव त्यांचंच. आत दोन मजली ओवऱ्यांचा चौक आहे आणि जिनोव्हाच्या दोरिया घराण्याच्या तेराव्या शतकातल्या समाध्या, पांढऱ्या आणि करड्या दगडाच्या पट्ट्यांच्या. चाच्यांपासून संरक्षणासाठी 1562 मध्ये बांधलेला दोरियांचा बुरूज थोडा वर आहे. 1983 मध्ये ही सगळी वास्तू त्या घराण्याच्या वारसांनी फाई या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिली.

पण मी थांबले ती 1915 च्या गोष्टीपाशी. त्या वर्षी डोंगरावरून पुराचा लोंढा आला, चर्चचा पुढचा भाग आणि मठाचा काही भाग वाहून गेला, आणि जो दगडगोटा खाली आला त्याचाच हा आजचा बीच झाला. पुढे 1933 मध्ये डागडुजी झाली. मी हे आईला वाचून दाखवलं तेव्हा ती गोट्यांवर बसली होती, ती उठलीच एकदम. 2019 ला आमच्या गावभागातल्या घरात पाणी माळ्यापर्यंत होतं, गाळ काढायला आम्हाला तीन आठवडे लागले, भांड्यांच्या कडांना अजून तो पिवळा रंग आहे. आई बराच वेळ मठाच्या भिंतीकडे बघत उभी राहिली, मग म्हणाली, "यांनी परत उभं केलं बघ." त्यानंतर आम्ही मठात पुन्हा एक फेरी मारली.

समोरच्या पाण्यात सतरा मीटर खोल येशूचा ब्राँझचा पुतळा आहे, हात वर केलेला, गुइदो गाल्लेत्तींनी घडवलेला, 1954 मध्ये उतरवला. त्या पाण्यात 1947 मध्ये दारियो गोंझात्ती हा पाणबुड्या मरण पावला, त्याच्या आठवणीसाठी. पदकं, घंटा, जहाजांचे भाग वितळवून तो ओतलाय. डायव्हिंग येणाऱ्यांनी स्थानिक गाइडबरोबरच जावं.

दादा परतताना पोर्तोफिनोपर्यंत चालत गेला, दोनेक तास लागतात, चढ दमवणारा आहे पण वाट नीट आहे, पाणी भरपूर घ्या. कामोल्यीच्या वरच्या सॅन रोक्कोहून कड्यावरनं येणारी वाट मात्र साखळ्या धरून चालायची आहे, सवय नसेल तर अजिबात नको, पावसानंतर तर नकोच.

शाकाहारी असाल तर फोकाच्या (तिकडचा चपटा पाव) आणि पेस्तो (बेसिलची चटणी) यांवर दिवस निघतो, बेसिल आपल्या तुळशीच्याच कुळातलं, आईला ती चटणी आवडली. आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेलीच होती, जेवणाच्या गर्दीच्या वेळी ती कामाला आली. बीच गोट्यांचा आहे, चप्पल जाड तळव्याची हवी.

उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या बोटीच्या वेळेचा फोटो काढून ठेवा, सीझनप्रमाणे वेळा बदलतात. शेवटची बोट सोडून आधीची घ्या, ती चुकली तरी मागे एक असते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर चढताना फळी हलते, खलाशी हात पुढे करतात, संकोच न करता धरायचा, आईने दोन्ही वेळा धरला.