सातबाऱ्यावरचे 'अ.पा.क.' आणि सहीचा अधिकार

कोकणातील जुन्या सातबाऱ्यावर सामाईक खातेदारांच्या नावांच्या रांगेत लहान मुलांच्या नावापुढे 'अ.पा.क.' ही अक्षरे आणि त्यांच्या पुढे आईचे किंवा चुलत्याचे नाव लिहिलेले असते. वडील वारल्यावर वारसाचा फेरफार झाला, मुले अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान होण्याच्या वयाखालची होती, म्हणून अज्ञान पालनकर्ता नोंदवला गेला. कणकवलीत वकिली करताना माझ्यासमोर येणाऱ्या जमिनीच्या कागदांत ही नोंद वारंवार दिसते, आणि तिच्याविषयीचा गैरसमजही तितकाच खोल रुजलेला आढळतो. या नोंदीमुळे पालनकर्त्यावर मुलाचा हिस्सा सांभाळण्याची जबाबदारी येते. तो हिस्सा विकण्याचा अधिकार त्याला केवळ या नोंदीने मिळत नाही. घरातील मोठ्या माणसाने सही केली की मुलाचाही प्रश्न मिटला, असे मानून आपल्याकडे शांतपणे खरेदीखते होतात.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार करार करणारी व्यक्ती सज्ञान असली पाहिजे, तिचे मन सुस्थितीत असले पाहिजे आणि कोणत्याही कायद्याने तिला अपात्र ठरवलेले नसले पाहिजे. सज्ञानतेचे वय १८ वर्षे आहे. मात्र १९९९ पूर्वी, न्यायालयाने पालक नेमलेला असल्यास, ते २१ धरले जात असे, ही गोष्ट जुने खत तपासताना विसरू नये. अज्ञानाने स्वतः केलेल्या कराराचे काय होते, याचा निर्णय प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने १९०३ साली मोहोरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात दिला. कलकत्त्याच्या धर्मदासने अज्ञान असताना १८९५ मध्ये एका सावकाराला २०,००० रुपयांचे गहाणखत लिहून दिले होते. ते मुळातच निरर्थक ठरले. असा करार सज्ञान झाल्यावर मान्यता देऊनही जिवंत करता येत नाही. मुलाला पुरवलेल्या अत्यावश्यक गोष्टींचा खर्च मात्र कलम ६८ प्रमाणे त्याच्या मालमत्तेतून वसूल होऊ शकतो, त्याच्याकडून व्यक्तिशः नाही.

पालकाने मुलाच्या वतीने केलेला व्यवहार वेगळा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय मुलाची स्थावर मालमत्ता विकता, गहाण ठेवता, बक्षीस देता किंवा अदलाबदलीने देता येत नाही. पाच वर्षांहून अधिक मुदतीचा, किंवा मूल सज्ञान झाल्यानंतर एक वर्षापलीकडे जाणारा भाडेपट्टाही करता येत नाही. हा शेवटचा भाग आंबा बागायतदारांनी विशेष लक्षात घ्यावा. एका हंगामाचे फळ व्यापाऱ्याला देणे निराळे, आणि वडील गेल्यानंतर हाती पैसा हवा म्हणून मुलांच्या हिश्शाची हापूसची बाग दहा वर्षांच्या पट्ट्याने देऊन टाकणे निराळे. दीर्घ मुदतीने घेतलेल्या बागेत दरवर्षी भरघोस पीक काढण्यासाठी कल्टार या झाडाची वाढ रोखून मोहोर आणणाऱ्या रसायनाचा बेसुमार वापर झाला, तर मुदत संपेपर्यंत आंब्याची कलमे थकून जातात आणि सज्ञान झालेल्या मुलाच्या हाती सुकत चाललेल्या फांद्या येतात. अशा पट्ट्याला न्यायाधीशाने आधी 'यात मुलाचे हित काय' असा प्रश्न विचारावा, ही कायद्याची अपेक्षा मला अत्यंत रास्त वाटते. परवानगीशिवाय झालेला व्यवहार ते मूल पुढे रद्द करून घेऊ शकते; त्यासाठी सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. म्हणजे स्वस्तात जमीन मिळाली म्हणून आनंदलेल्या खरेदीदाराच्या डोक्यावर ती टांगती तलवार मूल २१ वर्षांचे होईपर्यंत राहते.

येथे दोन अपवाद सांगणे आवश्यक आहे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील मुलाच्या अविभक्त हिश्शाला कलम ८ लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. तेथे कर्ता, म्हणजे कुटुंबाचा कारभार पाहणारा प्रमुख, कायदेशीर गरजेसाठी किंवा कुटुंबाच्या हितासाठी व्यवहार करू शकतो. म्हणून हिस्सा वारसाने स्वतंत्रपणे आलेला आहे की एकत्र कुटुंबाचा आहे, हे आधी ठरवावे लागते, आणि चुलत्याच्या सहीचे मोल त्यावरच अवलंबून असते. दुसरे म्हणजे १९५६ चा कायदा कोकणी मुस्लिम कुटुंबांना लागू नाही. त्यांच्यात आई मुलाच्या मालमत्तेची कायदेशीर पालक मानली जात नाही, आणि न्यायालयाने तिची नेमणूक केलेली नसताना तिने केलेली विक्री १९१८ च्या इमामबांदी खटल्यापासून निरर्थक समजली जाते.

मनाच्या सुस्थितीचा प्रश्न याहून नाजूक आहे. अज्ञानत्व जन्मतारखेवरून कळते. मनाच्या अवस्थेसाठी अशी तारीख नसते. कलम १२ एवढेच विचारते की करार करण्याच्या वेळी त्या व्यक्तीला तो समजत होता काय, आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा तारतम्याने विचार करणे तिला शक्य होते काय. मनोरुग्णालयातील जो रुग्ण अधूनमधून शुद्धीत असतो, तो त्या शुद्धीच्या काळात करार करू शकतो, असे उदाहरण या दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यातच दिलेले आहे. आपल्या समाजाने मात्र रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाची पायरी एकदा चढलेल्या माणसाचे मत कायमचे बाद करून टाकले. वाटणीच्या बैठकीत त्याला बोलावतही नाहीत.

याच्या उलट दुसरा प्रकार गणपतीत आणि मे महिन्यात दिसतो. चाकरमानी चार दिवसांसाठी गावी येतात, सगळे हिस्सेदार एका ठिकाणी सापडतात, आणि घाईघाईने कागद करायचे ठरते. स्मृतिभ्रंश झालेली, मुलांची नावेही न आठवणारी वृद्धा घरी असते. मग प्रश्न येतो, "वकीलसाहेब, आवशीचो आंगठो घेतलो तर चलात मां?" चालत नाही. दुय्यम निबंधकाला लिहून देणारी व्यक्ती मनाने अक्षम दिसली, तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३५ प्रमाणे त्याने नोंदणी नाकारली पाहिजे. आणि त्याच्या नजरेतून सुटलेला कागद पुढे कोणीही वारस न्यायालयात नेऊ शकतो.

अनेक जण यावर मुखत्यारपत्र दाखवतात. आई धडधाकट असताना तिने थोरल्याला मुखत्यार केले होते, म्हणून आजही त्याची सही पुरेशी आहे, असा त्यांचा समज असतो. करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन विकल झाले की मुखत्यारी सर्वसाधारणपणे संपुष्टात येते. ज्या दिवसासाठी ते करून ठेवले, नेमका त्याच दिवशी ते निरुपयोगी होते, ही आपल्या कायद्यातील मोठी उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याची सोय केली, परंतु मालमत्तेच्या व्यवस्थापनाची १९८७ च्या कायद्यातील तरतूद त्यात आली नाही. कोमातील रुग्णाच्या औषधपाण्यासाठी त्याच्याच खात्यातील पैसे काढायचे असले, तरी नातेवाइकांना पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. कणकवलीच्या माणसाला हा खर्च परवडेल काय, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी करायला हवा होता.

जन्मतः बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी वाट थोडी सोपी आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. सिंधुदुर्गातील पालकांनी त्यासाठी ओरोसला, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्यालयी, चौकशी करावी, आणि मूल १८ वर्षांचे होण्याच्या सुमारासच करावी, कारण त्या दिवसानंतर आईवडिलांची सही आपोआप चालत नाही. अर्ज करताना दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ची कलमे १३ आणि १४ जरूर वाचावीत. त्यांत दिव्यांग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीची मानली आहे, आणि मर्यादित पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, तिच्या इच्छेनुसार निर्णय घ्यावा असे सांगितले आहे. त्यामुळे अर्जाबरोबर त्या मुलाला काय समजते, कोणता व्यवहार तो स्वतः करू शकतो आणि कोणत्या व्यवहारासाठी त्याला आधार लागतो, हे सविस्तर लिहून द्यावे, आणि सुनावणीला त्याला सोबत न्यावे.