पिवळ्या काविळीचं लाल नाव

मेडिसिन वॉर्डातून आमच्या लॅबमध्ये आलेली लघवी चक्क शेंदरी होती. पेशंट क्षयाच्या गोळ्यांवर, त्यात रिफॅम्पिसिन, म्हणजे रंगाचं नवल नाही. पण फॉर्मवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'डोळे पिवळे, उलट्या.' याच गोळ्या कधीकधी लिव्हरला बाधतात. मग हा रंग नुसता औषधाचा, की त्याआड कावीळही आहे? लघवी तपासायची स्ट्रिप बुडवली, तर रंग बदलून निकाल सांगणारा तिच्यावरचा चौकोनच नारिंगी होऊन बसला. वाचणार काय?

म्हणून जुनी फौचेट टेस्ट लावली. लघवीत बेरियम क्लोराइड घातलं की पांढरा साका धरतो आणि बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पित्तातलं रंगद्रव्य, असलं तर त्याला चिकटतं. गाळल्यावर औषधाचा रंग बराचसा खाली निथळला. फिल्टर पेपरवरचा साका जरा सुकू दिला, त्यावर फौचेटच्या द्रावणाचा थेंब सोडला. कडेने हिरवट झाक आली, मग सगळा डाग हिरवागार. लगेच वॉर्डात फोन केला, "सिस्टर, रक्त पाठवा."

शेजारी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करणारी मुलगी वाकून बघत होती. "मॅडम, डोळे पिवळे, टेस्ट हिरवी. बिलिरुबिनचा खरा रंग कोणता?"

"लाल. नावातच आहे." लॅटिनमध्ये बिलिस म्हणजे पित्त, रुबेर म्हणजे लाल. तिला हसू आलं. पण १८६४ मध्ये श्टेडेलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे नाव दिलं तेव्हा त्याच्यापुढे कुणाचे डोळे नव्हते, शुद्ध स्फटिक होते, आणि ते तांबूस-नारिंगी असतात. रक्तात विरळ झालं की तेच पिवळं दिसतं. पेपरवरचं हिरवं ते बिलिव्हर्डिन. त्यातला 'व्हर्ड' लॅटिन विरिडिसचा, म्हणजे हिरव्याचा, फ्रेंचमार्गे आलेला. फौचेटमधलं फेरिक क्लोराइड बिलिरुबिनचं ऑक्सिडीकरण करून ते बनवतं. शरीरात गाडी उलटी चालते: तांबड्या पेशी मोडल्या की हिमोग्लोबिनमधल्या हीम या लोहयुक्त भागापासून आधी बिलिव्हर्डिन, मग बिलिरुबिन. मुका मार लागल्यावर काळानिळा डाग हिरवा होत पिवळा पडतो, तो याच क्रमाने. हल्ली प्रथिनांना अक्षरं-आकडे चिकटवतात, त्यापेक्षा मला ही रंगांची नावं बरी वाटतात. निदान पाठ करावी लागत नाहीत.

तेवढ्यात रक्त आलं. बिलिरुबिन वाढलेलं, आणि लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटी हे एन्झाइम त्याहून जास्त. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी गोळ्या थांबवल्या.