आधी गॅस, मग पिस्तूल

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसात वाजता निफाड तालुक्यातील मामांच्या पॅकिंग शेडमध्ये मी माझे गॅसवर चालणारे पिस्तूल घेऊन उभा होतो. आदल्या रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागल्या होत्या, म्हणजे पारा किती उतरला असेल हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. पहिले पाच-सहा छर्रे कागदावरच्या काळ्या वर्तुळात बसले, त्यानंतरचे हळूहळू खाली सरकत गेले आणि पंधराव्या छऱ्याला तर आवाजही बदलला; नेहमीच्या कोरड्या फटाक्याऐवजी कुणीतरी उसासा टाकावा तसा तो ऐकू आला. चहाचा ग्लास पुढे करत मामा म्हणाले, "याला पण थंडी वाजते का रे?" प्रश्न थट्टेचा होता, पण उत्तर होकारार्थीच होते.

अशा पिस्तुलात बसवायच्या छोट्या पोलादी कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गॅसच्या नळकांडीत, १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो आणि त्यातला बराचसा द्रवरूप असतो. द्रवाचा एक थेंबही शिल्लक आहे तोवर आतला दाब किती असेल हे फक्त तापमान ठरवते, कार्ट्रिज किती भरलेले आहे ते नव्हे. घरातल्या गॅसच्या सिलिंडरचेही तसेच आहे: शेगडीची ज्योत शेवटच्या दिवसापर्यंत जवळपास सारखी राहते आणि सिलिंडर संपत आल्याचे फक्त हलवून किंवा वजन करून कळते. कार्बन डायऑक्साइडचा दाब २० अंश सेल्सिअसला सुमारे ५७ बार असतो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), १० अंशांना ४५ बार आणि शून्याला ३५ बार. म्हणजे माझ्या पिस्तुलाने त्या सकाळी उन्हाळ्यातल्या जोराच्या बऱ्याच खालून सुरुवात केली होती. त्यावर आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येक छऱ्यागणिक थोडा द्रव उकळून वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो कार्ट्रिजच्याच धातूतून ओढून घेतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने कार्ट्रिजही गार होते. फरक एवढाच की माठाला दुपार पुरते आणि कार्ट्रिजला वीस सेकंद. घाईघाईने दहा छर्रे मारले की हाताला मुठीचा गारवा जाणवतो आणि पुढचे छर्रे खाली पडू लागतात. दोन छऱ्यांमध्ये अर्धा मिनिट थांबले तर हा त्रास जवळपास उरत नाही, आणि नेमबाजीच्या दृष्टीने तसे थांबणे हेच योग्य असते.

मे महिन्यात उलट गंमत होते. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रव म्हणून राहूच शकत नाही, त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीला टेकला की दाब कुठल्या कुठे चढतो. काही पिस्तुलांत तर तो झडपेलाच इतका घट्ट दाबून धरतो की पिस्तुलातल्या हातोडीचा ठोका ती उघडू शकत नाही. चाप ओढला तरी नुसती 'टक' होते आणि छर्रा जागच्या जागी राहतो. अशा वेळी पिस्तूल बिघडले असे समजून ते खोलत बसू नये. नळी लक्ष्याच्याच दिशेला ठेवून ते सावलीत आणावे आणि थांबावे. भरलेली कार्ट्रिजे उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवणे मात्र सरळसरळ धोक्याचे आहे, कारण ती फुटू शकतात.

हे सगळे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून ओळखीतले पालक मला 'कोणते पिस्तूल घेऊ' असे वारंवार विचारतात. स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा असला तरी त्याची सुरुवातीची घडण नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, त्यामुळे आपल्या शहराला त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याची रायफल बारुदाची असते, आणि पालक मोबाइलवर जी छायाचित्रे दाखवतात ती बहुधा सैन्यातल्या पिस्तुलांच्या हुबेहूब प्रतिकृतींची असतात. दिसणे पाहून निवड झाली की पुढचे सगळे प्रश्न गॅसच विचारतो, म्हणून मी आधी गॅसचीच चौकशी करायला सांगतो.

एअरसॉफ्ट या खेळात ही गोष्ट सर्वाधिक उघड दिसते. त्यातल्या बंदुका ६ मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या गोळ्या उडवतात. गोळी साधारणपणे ०.२० किंवा ०.२५ ग्रॅमची असते, आणि ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली की तिची ऊर्जा बरोबर १ ज्यूल होते. माझा एक मित्र काही वर्षे जपानमध्ये नोकरीला होता आणि तिथे तो हा खेळ खेळत असे. जपानमध्ये ऊर्जेची मर्यादा १ ज्यूलच्या किंचित आत आहे. तिथल्या बंदुका १३४ए या गॅसवर चालतील अशा बेताने बनवलेल्या असतात. हा तोच गॅस, जो अनेक गाड्यांच्या एसीमध्ये भरतात. त्याचा दाब २० अंशांना ६ बारच्या थोडा खाली असतो. इतरत्र 'ग्रीन गॅस' या नावाने जे विकले जाते ते मुख्यतः सिलिकॉन तेल मिसळलेले प्रोपेन असते आणि त्याच तापमानाला त्याचा दाब ८ बारच्या वर जातो. मित्राने एकदा अधिक जोराच्या हौसेने प्लास्टिकच्या स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, पिस्तुलात ग्रीन गॅस भरला. पहिला आठवडा आनंदात गेला आणि दुसऱ्या आठवड्यात स्लाइडला पुढच्या बाजूने तडा गेला. बंदूक कुठल्या गॅससाठी बनवली आहे हे तिच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते, आणि ती ओळ किमतीच्या आधी वाचायला हवी.

गॅस भरण्याची पद्धतही त्या मित्राकडूनच समजली. गोळ्या आणि गॅस ज्यात भरतात ते मॅगझिन उलटे धरायचे, डबाही उलटाच वर धरायचा आणि सरळ खाली दाबायचे, म्हणजे वायूऐवजी द्रव आत जातो. डबा सुलटा ठेवला तर नुसता फुसका वायू भरला जातो आणि चार गोळ्यांत संपतो. ग्रीन गॅस ज्वालाग्राही असल्याने हे काम मोकळ्या हवेत आणि उदबत्तीपासूनही दूर करावे. घरच्या सिलिंडरमधून भरण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात येऊ नये म्हणून लिहून ठेवतो की त्यात ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते आणि तो प्रयोग घर पेटवण्याचा सोपा मार्ग आहे. मॅगझिन ठेवून देताना त्यात थोडा गॅस राहू द्यावा, म्हणजे आतली रबरे आपापल्या जागी दाबलेली राहतात.

आपल्याकडे मात्र कायदा आड येतो आणि तो आधी वाचलेला बरा. शस्त्र नियम, २०१६ नुसार २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ०.१७७ इंचापेक्षा, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा, मोठ्या व्यासाच्या हवाई शस्त्रांना परवाना लागतो. एअरसॉफ्टची ६ मिलिमीटरची नळी ऊर्जेने कितीही दुबळी असली तरी व्यासाच्या या मापात बसत नाही. म्हणून परदेशी दुकानातून पार्सल मागवण्याच्या भानगडीत मी पडलो नाही आणि साडेचार मिलिमीटरचे, शिशाचा छर्रा मारणारे पिस्तूल घेतले. त्याची ऊर्जा जेमतेम साडेतीन ज्यूल भरते. परवाना लागत नाही याचा अर्थ ते कमरेला लावून कॉलेज रोडवर हिंडावे असा होत नाही. लांबून पाहणाऱ्याला ते खरेच वाटते, त्यामुळे ते कुलूपबंद पेटीतूनच न्यावे.

जोडीच्या वस्तूंमध्ये मी सर्वांत आधी डोळ्यांचा चष्मा मोजतो आणि त्यावर घासाघीस करत नाही. नंबरचा साधा चष्मा यासाठी चालत नाही. आघात सोसण्याची मानके पाळणारा, बाजूंनीही झाकणारा संरक्षक चष्मा हवा, आणि तो नेम धरणाऱ्याबरोबरच शेजारी चहा घेऊन उभ्या असलेल्या मामांनाही हवा. पोलादी गोळ्या मी मुळीच वापरत नाही, कारण त्या कठीण पृष्ठभागावरून थेट परत येतात. शिशाचा छर्रा चपटा होतो, म्हणून लक्ष्याच्या मागे मी सातपूरच्या एका वर्कशॉपमधून तिरकी पट्टी बसवलेली लोखंडी पेटी करून घेतली आहे. छर्रा पट्टीवर आपटून खाली पडतो आणि पेटीतच राहतो. प्लास्टिकच्या गोळ्यांना एवढे काही लागत नाही. वरून सैल टांगलेली जुनी गोधडी त्या छान झेलते. शिसे हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि ते धुतल्याशिवाय शेंगदाण्याच्या पुडीला हात लावू नये, ही सवय मला उशिरा लागली.

तेलाच्या बाबतीत एक साधा उपाय सापडला. ट्रेडमिलच्या पट्ट्यासाठी विकले जाणारे शुद्ध सिलिकॉन तेल रबराला चालते, आणि कार्ट्रिज भोसकण्यापूर्वी त्याच्या टोकावर एक थेंब सोडला की झडपेचे रबर ओले राहते. शिलाई मशीनचे खनिज तेल मात्र काही रबरांना फुगवते. फुगण्यावरून आठवले. एकदा गळती झाली म्हणून मी ओ-रिंग, म्हणजे गॅस अडवणारी रबरी कडी, काढली, तर ती खाचेपेक्षा मोठी दिसली; दुकानदाराने चुकीच्या मापाची दिली असे समजून त्याला दोन शब्द सुनावण्याच्या तयारीत मी ती टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच रिंग खाचेत बरोबर बसली. कार्बन डायऑक्साइड दाबाखाली रबरात मुरतो, दाब निघाला की रबर फुगते आणि काही तासांनी पूर्ववत होते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. सुनावणे वाचले, याचे समाधान आजही आहे.

गंभीरपणे नेमबाजी शिकायची असेल तर मी कार्बन डायऑक्साइडवर थांबायला सांगणार नाही. दहा मीटर एअर पिस्तूल १९८८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि एके काळी त्यातही याच गॅसची पिस्तुले वापरली जात. पुढे साठवलेल्या हवेच्या पिस्तुलांनी त्यांना मागे टाकले, त्याचे कारण तेच, थंडी-उन्हात बदलणारा दाब. हवेच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरतात आणि रेग्युलेटर हा दाब नेमणारा भाग ती कमी, पण ठरावीक दाबाने झडपेकडे सोडतो, त्यामुळे पहिला आणि पन्नासावा छर्रा सारख्याच वेगाने सुटतो. स्पर्धेच्या नियमांत पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपर्यंत आणि चाप ओढायला लागणारा भार किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. वापरलेले पिस्तूल स्वस्तात मिळत असेल तर आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहावी. अशा सिलिंडरांचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे धरतात आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत घेऊ देत नाहीत. नव्या सिलिंडरची किंमत मिळवली की स्वस्ताई बहुतेक वेळा संपते. पावसाळ्यात हातपंपाने भरताना ओलावाही आत जातो, म्हणून थांबत थांबत, पंपाचे पाणी काढत भरावे लागते. निवृत्त पोलीस अधिकारी, नेमबाज आणि क्रीडा मानसशास्त्राचे मोठे अभ्यासक भीष्मराज बाम नाशिकचेच. २०१७ साली ते गेले, पण नेमबाजीला शिस्तीने पाहणारी माणसे या शहरात अजून आहेत. पिस्तूल विकत घेण्यापूर्वी रेंजवर जाऊन दोन-चार प्रकारांची मूठ हातात धरून पाहण्याची विनंती त्यांना जरूर करावी, कारण मुठीचे माप छायाचित्रावरून कधीच कळत नाही.

माझे जुने पिस्तूल मी अजून विकलेले नाही. हिवाळ्यात मामांकडे जाताना दोन कार्ट्रिजे जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवतो, आणि शेडवर पोहोचल्यावर ऊन पत्र्यावर चढेपर्यंत, म्हणजे सुमारे दहा वाजेपर्यंत, पेटी उघडत नाही. तोवर मामा मला घड कापायला लावतात.