सासूबाईंच्या खुब्यात सिमेंट का घातले

गेल्या श्रावणात तासगावच्या घरी न्हाणीत पाय घसरून सासूबाई पडल्या आणि डाव्या खुब्यातील हाडाची मान मोडली. त्यांचे वय तेव्हा ७८ होते. मोडलेला गोळा काढून तेथे धातूचा गोळा आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत उतरणारा त्याचा दांडा बसवायचा, हे मिरजेत दुसऱ्याच दिवशी ठरले. तेवढ्यात पुण्याहून दिरांचा फोन आला. "वहिनी, पैशाकडे पाहू नका, पण आईला सिमेंट घालू देऊ नका. आता सगळे बिनसिमेंटचेच बसवतात." ऑपरेशन थिएटरमध्ये २६ वर्षे परिचारिका म्हणून काम करूनही त्या घाईत मला त्यांना नीट समजावता आले नाही. हाच समज सांगली-मिरजेच्या कितीतरी नातेवाइकांकडून मी ऐकला असल्यामुळे तो विषय आता सविस्तर लिहीत आहे.

हे सिमेंट म्हणजे बांधकामाचे सिमेंट नव्हे. दातांची कवळी ज्या जातीच्या अॅक्रिलिकची करतात, त्याच जातीचे ते आहे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते खुब्यासाठी वापरण्यास सुरुवात केली, आणि १९६२ साली राइटिंग्टन येथे लहान धातूचा गोळा व तो ज्यात फिरतो ती प्लॅस्टिकची वाटी असा जो सांधा त्यांनी बसवला, त्याच्याच पायावर आजची शस्त्रक्रिया उभी आहे. सिमेंट हाडाला डिंकासारखे चिकटत नाही. हाडाच्या आतील जाळीदार छिद्रांत ते शिरते, तेथे घट्ट होते आणि दांडा व हाड यांमधील जागा भरून वजन सगळीकडे सारखे पोहोचवते.

ते घालण्याची वेळ मी असंख्य वेळा पाहिली आहे. ४० ग्रॅम पावडर, २० मिलिलिटर द्रव आणि त्याची कुपी फुटल्याबरोबर नाकात चढणारा उग्र वास. त्याआधी हाडाची पोकळी पाण्याच्या दाबाने धुवून कोरडी केलेली असते आणि खाली बूच बसवलेले असते, म्हणजे सिमेंट दाबाखाली छिद्रांत जाते. मी घड्याळ पाहत मिनिटे सांगत असे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये थिएटर पुरेसे थंड नसले, तर ते नेहमीपेक्षा लवकर घट्ट होई, म्हणून वातानुकूलन आधीपासून चालू ठेवण्यावर माझा कटाक्ष असे. उरलेली छोटी गोळी हातमोज्यावर ठेवायची. प्रथम ती चिकटते, मग चिकटेनाशी होते, मग चटका बसेल इतकी तापते, आणि सुमारे दहा-बारा मिनिटांत दगडासारखी होते. सिमेंट आत जाताना शस्त्रक्रिया करणारे सर भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगत, कारण त्या क्षणी काही रुग्णांचा रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू एकदम खाली येऊ शकतो. वृद्ध आणि हृदयाचा त्रास असलेल्या रुग्णांत हा धोका अधिक असतो. तो लपवून सिमेंटची बाजू मांडणे मला योग्य वाटत नाही.

बिनसिमेंटचा दांडा वेगळ्या तत्त्वावर बसतो. शेतकरी कुदळीचा दांडा ठोकून आवळून बसवतो, तसा तो हाडात ठोकून बसवतात. त्याआधी पोकळी कानशीसारख्या हत्याराने एकेक माप वाढवत तासतात, आणि योग्य माप आले की हातोडीचा आवाज बदलतो. बाजारात मडके वाजवून घेणाऱ्या बाईला जसे कानानेच कळते, तसे ते अनुभवी शल्यविशारदाला कळते. दांड्याचा पृष्ठभाग खडबडीत, सच्छिद्र असतो किंवा त्यावर हाडातल्याच खनिजासारख्या द्रव्याचा लेप असतो. पुढील काही आठवड्यांत जिवंत हाड त्यात वाढते आणि पकड कायमची होते. मात्र त्या काळात दांडा फार हलला, तर हाडाऐवजी तंतुमय ऊतक तयार होते आणि दांडा सैलच राहतो. म्हणून सुरुवातीची पकड घट्ट हवी, आणि ती देण्यासाठी हाडात ताकद हवी.

सासूबाईंचे हाड वयाने पातळ झालेले, आतली पोकळी नळीसारखी रुंद झालेली. अशा हाडात दांडा ठोकताना किंवा पुढे थोडा धक्का लागला तरी त्याच्याभोवतीचे हाड तडकू शकते, आणि ते पुन्हा जोडणे पहिल्या शस्त्रक्रियेहून कठीण असते. खुबा मोडलेल्या वृद्धांची ब्रिटनमधील मोठी चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तीत दांड्याभोवती हाड मोडण्याचे प्रमाण सिमेंटच्या गटात ०.५ टक्के, तर बिनसिमेंटच्या गटात २.१ टक्के होते, आणि चौथ्या महिन्यात सिमेंटवाल्यांचे दैनंदिन जीवनही थोडे बरे होते.

सिमेंटची बदनामी जुनी आहे. १९८०च्या दशकात सांध्याभोवतीचे हाड झिजलेले दिसले की त्याला 'सिमेंटचा आजार' म्हणत. पुढे कळले की खरे कारण मुख्यतः वाटीच्या प्लॅस्टिकची झीज होऊन पडणारे सूक्ष्म कण हे आहे, आणि तेच बिनसिमेंटच्या सांध्यांतही घडते. पण तोवर शब्द रुळला होता. अर्थात बिनसिमेंटचा सांधाही काहींना योग्यच असतो. वाळव्याकडील एका चाळिशीतल्या ऊस-शेतकऱ्याच्या दोन्ही खुब्यांतील गोळ्यांचा रक्तपुरवठा बंद पडला होता. त्याचे हाड दणकट होते आणि पुढे आयुष्यही मोठे होते, म्हणून त्याला पूर्ण बिनसिमेंटचा सांधा बसवला, आणि तोच निर्णय योग्य होता. कधी वाटी बिनसिमेंटची आणि दांडा सिमेंटचा, असाही मेळ घालतात. अधिक किंमत म्हणजे अधिक टिकाऊ, हे गणित येथे लावूच नये. शल्यविशारदांना "माझ्या माणसाचे हाड एक्स-रेत कसे दिसते?" हे विचारावे, उत्तर त्यातून मिळते.

सासूबाई दुसऱ्या दिवशी वॉकर धरून पूर्ण भार देत उभ्या राहिल्या. या महिन्यात वर्ष झाले, म्हणून तपासणीचा एक्स-रे काढला. दीर आले होते; खिडकीच्या उजेडात धरून मी त्यांना दांड्याभोवतीची पांढरी सिमेंटची कड दाखवली. सैल होऊ लागलेल्या सांध्यात दुखण्याआधीच तेथे काळी रेघ दिसू लागते. दिरांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिले. रेघ कोठेही नव्हती.