मु. पो. सातारा, ता. सातारा, जि. सातारा

आमच्याकडे नवीन लागलेलं प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी येतं आणि स्क्रीन दाखवतं. "मॅडम, एकाच नावाचे तीन फोल्डर का? कुणी चुकून कॉपी केलंय का?" परवा एकाने तर विचारायच्या आधीच मधला उडवला होता. गिट होतं, म्हणजे कोडच्या जुन्या प्रती जपणारं साधन, म्हणून निभावलं.

आम्ही छोट्या कारखान्यांना ईआरपीनेक्स्ट, म्हणजे धंद्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून देतो. ते आणि ते ज्या पायावर उभं आहे ती फ्रॅपे फ्रेमवर्क, दोन्ही मुंबईचीच. हिशोब, स्टॉक, खरेदी-विक्री त्यात तयार मिळते. पण गेटवरच्या वॉचमनला हवा असलेला गेट पास प्रत्येक कारखान्याचा निराळा, म्हणून त्यासाठी आपलं वेगळं ॲप लिहावं लागतं. आमच्या ॲपचं नाव कारखाना. बेंचला, म्हणजे फ्रॅपेच्या आज्ञा चालवणाऱ्या साधनाला, 'न्यू-ॲप कारखाना' अशी आज्ञा दिली की ॲप्सच्या फोल्डरात कारखाना नावाचा फोल्डर तयार होतो, त्यात कारखाना आणि त्याच्याही पोटात कारखाना.

तुम्हालाही त्या पोरांसारखाच प्रश्न पडला असेल तर सांगते, यात चूक काही नाही. साताऱ्यात राहणाऱ्याचा पत्ता आठवा. मुक्काम पोस्ट सातारा, तालुका सातारा, जिल्हा सातारा. तीनदा एकच नाव आलं म्हणून पोस्टमन दोन ओळी खोडत नाही. तलाठी, तहसीलदार आणि कलेक्टर ही तीन वेगळी माणसं आहेत.

सगळ्यात बाहेरचा कारखाना म्हणजे जिल्हा, आणि तो गिटचा. त्यात रीडमी, लायसन्स आणि ॲप इन्स्टॉल कसं करायचं ते सांगणारी पायप्रोजेक्ट डॉट टॉमल. मधला तालुका पायथनचा. पायथन ज्याला पॅकेज म्हणतो ते हे, म्हणून इनिट फाइल इथे लागते. हुक्स डॉट पीवाय इथेच, म्हणजे 'सेल्स इनव्हॉइस सबमिट झालं की माझं हे फंक्शन चालव' असं फ्रॅपेला बजावून ठेवायची जागा. पॅचेस डॉट टीएक्सटी, पब्लिक, टेम्प्लेट्स, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूही इथेच. त्यांच्याकडे गरज पडेल तेव्हा बघा. आतलं गाव फ्रॅपेचं, त्याला मॉड्यूल म्हणतात. मॉड्यूल्स डॉट टीएक्सटी या फाइलीत गावांची नावं ओळीने लिहिलेली असतात. नव्या ॲपला एकच गाव मिळतं आणि त्याला ॲपचंच नाव चिकटतं, तिथेच सगळा घोळ.

तरीही पटत नसेल तर खुद्द ईआरपीनेक्स्टचं फोल्डर उघडा. बाहेर ईआरपीनेक्स्ट, आत ईआरपीनेक्स्ट, पण त्याच्या आत अकाउंट्स, स्टॉक, बाइंग, सेलिंग. मु. पो. लिंब, ता. सातारा, जि. सातारा. आता गोंधळ होतो का?

गावात शिरलात की डॉकटाइप नावाचं फोल्डर, आणि त्यात प्रत्येक डॉकटाइपचं, म्हणजे फॉर्मच्या साच्याचं, आपलं घर. आमच्या 'गेट पास'चं घर 'गेट_पास', स्पेसच्या जागी अंडरस्कोर. घरात रिकामी इनिट सोडली तर चार फाइली. जेसनमध्ये फॉर्मची सगळी फील्डं, पीवायमध्ये सर्व्हरवर चालणारं, जेएसमध्ये ब्राउझरमध्ये चालणारं, आणि एक टेस्टची, जी आमच्याकडे बहुतेक रिकामीच असते (लाज वाटते, पण खरं आहे). पीवायमधल्या क्लासचं नाव 'गेटपास', जोडून. डेटाबेसमधल्या टेबलचं 'टॅबगेट पास', मध्ये स्पेस ठेवून. एकाच वस्तूची चार रूपं, आणि फ्रॅपे एकावरून दुसरं स्वतःच काढतो. त्यामुळे फोल्डरचं नाव हाताने बदलायचं नाही. एकीने 'दिसायला बरं' म्हणून अंडरस्कोर काढला आणि दुपारभर 'मॉड्यूल इम्पोर्ट फेल्ड' वाचत बसली.

पण मला जास्त महाग पडलं ते फोल्डरात नसलेलं. सुरुवातीच्या काळात एका फाउंड्रीचं काम करताना मी थेट त्यांच्या चालू साइटवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या डेटाबेसवर चालणाऱ्या ईआरपीनेक्स्टवर, कस्टमाइझ फॉर्म या स्क्रीनमधून चाळीसेक फील्डं वाढवली. हीट नंबर, पॅटर्न नंबर, जॉबवर्क चलनाचा नंबर. मालक खूश. सहा महिन्यांनी त्यांच्या दुसऱ्या युनिटसाठी नवी साइट उभी केली, ॲप चढवलं, फॉर्म उघडला, तर चाळीसपैकी एकही फील्ड नाही. ती सगळी पहिल्या साइटच्या डेटाबेसात बसलेली, आणि ॲपच्या फोल्डरला त्यांचा पत्ताच नाही. मालक शेजारी उभे. "मॅडम, तिकडं तर हाय की!" रात्री बसून हुक्समध्ये फिक्स्चर्सची, म्हणजे डेटाबेसातलं काय ॲपच्या फोल्डरात उतरवायचं ते सांगणारी, ओळ लिहिली, जुन्या साइटवर एक्स्पोर्ट-फिक्स्चर्स चालवलं, फिक्स्चर्सच्या फोल्डरात जेसन उतरली, मग नव्या साइटवर मायग्रेटची आज्ञा देऊन ती फील्डं चढवली. तेव्हापासून डेव्हलपर मोड चालू असलेल्या आपल्या मशीनवरच डॉकटाइप बनवायचा, म्हणजे त्याच्या फाइली आपोआप फोल्डरात उतरतात. तिथेही 'कस्टम'च्या चौकोनात टिक राहिली तर काही उतरत नाही, तेवढं बघून घ्या.

आणि नवीन ॲप कराल तेव्हा मॉड्यूल डेफमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी आणखी एक मॉड्यूल काढा, त्याला कामाचं नाव द्या. आमच्या कारखाना ॲपमध्ये आता 'गेट' नावाचं गाव आहे. परवाचा तो मुलगा तिथेच काम करतो.