विटीदांडू: विटी नीट तासा, मग खेळा

दांडू दीड-दोन फुटांचा, विटी चार इंचांची. नागपुरात बाभळीचं लाकूड सहज मिळतं आणि टिकतंही. विटीची दोन्ही टोकं सारखी निमुळती हवीत. एक बोथट राहिलं की विटी उडण्याऐवजी घसरते.

गल, म्हणजे जमिनीतली छोटी लांबट खाच, आडव्या विटीखाली दांडू शिरेल एवढी खोल खणा. पावसाळ्यात काळ्या मातीत ती लगेच ढासळते, म्हणून मुरमाड जागा बघा. आता विटी गलीवर आडवी ठेवून कोला, म्हणजे दांडूनं खालून उडवा. समोरच्यांनी झेलली तर बाद. नाही झेलली, तर दांडू गलीवर आडवा ठेवायचा. पडल्या जागेवरून फेकलेली विटी त्याला लागली तरी बादच.

वाचलात, तर टोले. टोकावर हलका ठोका द्या आणि विटी कमरेएवढी उडाली की हाणा. बहुतेकजण इथंच चुकतात: ठोका जोरात बसतो, विटी डोक्यावर जाते, टोला हुकतो.

अंतर दांडूनं मोजायचं. वकट, लेंड, मुंड ही मोजणी सरळ तेलुगूच्या ओकटि, रेंडु, मूडुची (एक, दोन, तीन) बहीण. नियम गल्लीगणिक बदलतात, ते आधीच ठरवा. झेलणाऱ्यांनी दहा पावलं तरी मागं राहावं. विटी डोळ्यावर बसते.